न पेरलेला वेल

कारल्याचा वेल करपला तेव्हापासून मांडव रिकामा होता. सुतळ्या सोडून बांबू आत ठेवून द्यायचे म्हणून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दुसरंच काम निघालं. तेवढ्यात पाऊस लागला आणि मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबाशी काहीतरी वर आलं.

तिथे मी काही पेरलं नव्हतं. त्या वाफ्यात भर म्हणून गाडीभर माती पडली होती आणि तिच्यावर स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं अर्धंकच्चं खत. पहिल्या पावसात या दोन्हींतलं जे काही जिवंत होतं ते उठून उभं राहिलं. मी ओळीने उपटत चालले होते. कोपऱ्यापाशी पोचले तशी पायरीवर बसलेली आई म्हणाली, "ते राहू दे गं. मान खाली घालून वर येतंय, शेंगेचं दिसतंय."

वाकून पाहिलं. खरंच, अंकुर सरळ वर आला नव्हता. आधी देठाची कमान मातीबाहेर आली होती आणि शेंडा तिच्यामागून ओढला जात होता. गर्दीतून वाट काढताना पोराला छातीशी धरून आपण आधी खांदा घालतो, तसं. कोवळ्या शेंड्याला माती घासू नये म्हणून पुष्कळ रोपं असं करतात, फक्त शेंगांचीच करतात असं नाही. पण आईला तेवढं पुरलं आणि माझा हात थांबला.

अंकुर एक नव्हता, दोन होते, बोटभर अंतरावर. एकाच्या मानेवर बीची दोन जाड दळं चिकटलेली, हिरवट पडत चाललेली. दुसऱ्याला ती नव्हतीच. पाखराने टिपली असतील, नाहीतर गोगलगायीने खाल्ली असतील, असं मी धरून चालले. फोटो काढला, आईला "जुळी आहेत" म्हणून सांगितलं आणि उरलेलं तण उपटायला लागले. चूक झाली ती तिथेच. कळायला मात्र मला चार-पाच महिने लागले.

आठवड्याभरात दोन्ही रोपांना पानं फुटली. तीन-तीन पर्णिकांची, म्हणजे एका देठावर तीन पानांसारखं दिसणारं एकच पान. मी फोनमधल्या झाडं ओळखणाऱ्या अॅपला ते दाखवलं. त्याने पहिल्या दिवशी राजमा सांगितला. दुसऱ्या दिवशी उडीद. तिसऱ्या दिवशी मी पानाची खालची बाजू दाखवली, तर म्हणालं कुडझू.

कुडझूबद्दल मी वाचलेलं होतं. मूळचा पूर्व आशियातला हा वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात शोभेसाठी म्हणून अमेरिकेत आला, आणि पुढे तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याने झाडं, खांब, पडकी घरं सगळं पांघरुणासारखं झाकून टाकलं. चांगल्या दिवसांत तो दिवसाला फूटभर वाढू शकतो. मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन रोज रात्री शेंडा मोजायला लागले. आठ दिवस मोजला. आमचा वेल वितीच्याही आतच राहिला, तेव्हा कुडझू खोडला आणि निवांत झोपले.

यात अॅपची फारशी चूक नव्हती. शेंगांचं हे कुळ, ज्याला शास्त्रात फॅबेसी म्हणतात, फुलझाडांमधलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं कुळ आहे. त्याच्यापेक्षा मोठी कुळं दोनच, सूर्यफुलाचं आणि ऑर्किडचं. सुमारे १९ हजार जाती. राजमा, मूग, उडीद, चवळी, वाल, तूर, सोयाबीन, सगळ्यांची पानं तीन पर्णिकांची. नुसत्या पानावरून यांतलं नाव काढायचं म्हणजे आडनावावरून माणूस शोधण्यासारखं आहे. पान काय नाही एवढं मात्र ते सांगतं. टोकाला तणाव्याचे दोरे नव्हते, म्हणजे वाटाणा नाही. पर्णिकांच्या पुष्कळ जोड्या नव्हत्या, म्हणजे गुंज नाही. तेही बरंच झालं, कारण लाल बीवर काळा ठिपका असलेली देखणी गुंज जीव घेण्याइतकी विषारी असते. आणि भिंगाखाली पर्णिकांच्या बुडाशी केसाएवढी इवलीशी उपपर्णं दिसली. ही खूण राजमा, मूग, वाल यांच्या गोतावळ्यातली. शोध इथवर आला आणि थांबला.

काही पानांची खालची बाजू रेशमी, रुपेरी लवेची होती, काहींची गुळगुळीत. रुपेरी ती जून पानं असतील, असं मी ठरवलं. 'ठरवलं' हाच शब्द बरोबर आहे. पाहिलं नाही, ठरवलं.

मग वेल चढायला लागला. पावसाने घरात अडकवलेल्या एका रविवारी मी खिडकीशी खुर्ची ओढली आणि नुसती त्याच्याकडे बघत बसले. शेंड्याखाली एक पुठ्ठा धरून ठेवला होता आणि दर पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन शेंडा जिथे असेल तिथे खडूने ठिपका देत होते. आई म्हणाली, "भिजशील, आणि मग तुलाच मांडवावर वाळत घालावं लागेल." पण दुपारपर्यंत ठिपक्यांचं एक ओबडधोबड वर्तुळ झालं. शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरत होता आणि एका फेरीला दोन तासांच्या आसपास घेत होता. आजारपणामुळे खोलीत अडकलेल्या चार्ल्स डार्विनने असंच केलं होतं. हॉपच्या वेलाची कुंडी खोलीत आणून ठेवली आणि रात्रंदिवस शेंड्याच्या फेऱ्या मोजल्या. त्याने १८६५ साली वेलांविषयी जे छापलं, त्यात घेवड्याच्या फेरीचा वेळही दोन तासांच्या थोडा आतच आहे.

वरून पाहिलं तर फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. मी गंमत म्हणून शेंडा उलटा गुंडाळून सुतळीच्या तुकड्याने बांधला. सकाळी बघते तर बांधलेल्या जागेच्या वरचा सगळा भाग सुटून पुन्हा आपल्याच दिशेने वळलेला. ही दिशा वेलाला सूर्याने शिकवलेली नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांतल्या गुंडाळणाऱ्या वेलांची मोजदाद केली, तर ९२ टक्के वेल एकाच बाजूने वळणारे निघाले, विषुववृत्ताच्या वर काय आणि खाली काय.

माझ्या दोन रोपांचीही दिशा एकच होती. एकाच बाजूने वळणारे दोन वेल एकमेकांत असे बसतात जसे दोराचे दोन पदर. विरुद्ध दिशांचे असते तर गाठी पडल्या असत्या, ताणाताण दिसली असती, मला संशय आला असता. इथे एक छान, सलग, हिरवा दोर खांबावर चढला आणि मांडवावर जाऊन पसरला. त्यानंतर मी त्याला कधी 'वेल दोन आहेत' असं म्हटलं नाही. 'वेल' म्हणायचे. एकवचनी.

नावावरून घरात वाद सुरू झाला तो फूल येण्याच्याही आधी. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघून म्हणाल्या, "पावटा आहे हा, मी सांगते."

"पावटा कसला? वाल आहे," आई म्हणाली.

"वहिनी, पावट्याचं पान मला कळत नाही होय?"

"कळत असेल हो. पण हा वाल आहे."

मी मधे पडले नाही. फोनवर आतेबहिणीला फोटो पाठवला, तर ती म्हणाली घेवडा. गंमत अशी, की वाल, पावटा, वालपापडी आणि कित्येकांच्या तोंडचा घेवडासुद्धा ही एकाच जातीच्या निरनिराळ्या वाणांची नावं आहेत. शास्त्रातलं नाव लॅबलॅब परप्युरियस. पण घेवडा म्हटल्यावर दुसऱ्या कित्येकांच्या डोळ्यांसमोर येतो तो राजम्याचा सख्खा भाऊ, फॅसिओलस प्रजातीतला. म्हणजे दोन नावांनी भांडणाऱ्या आई आणि काकू एकाच झाडाबद्दल बोलत होत्या, आणि एकच नाव घेणारी दोन माणसं दोन वेगळ्या झाडांबद्दल बोलत असू शकतात.

शास्त्रज्ञांचं याहून बरं चाललंय असं समजायचं कारण नाही. मुगाला वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली फॅसिओलसमध्ये घातलं, राजम्याच्या पंगतीला. तिथून उठवून त्याला चवळीशेजारी, व्हिग्ना या प्रजातीत बसवायला १९५४ साल उजाडलं. दोनशे एक वर्षं मूग चुकीच्या पाटावर बसून होता, आणि मुगाला त्याचं काही नव्हतं.

काकूंचं म्हणणं, नावाचं काय घेऊन बसलात, शेंग येईल ती तोडा आणि शिजवा. इथे मात्र मी हट्टाला पेटले. या कुळात आपण रोज खातो ती माणसं सभ्य वाटतात ती शिजल्यामुळे. कच्च्या राजम्याचे चार-पाच दाणेसुद्धा उलट्या-जुलाब सुरू करायला पुरतात. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन भिजवून, पाणी टाकून, खळखळ उकळल्यावरच मोडतं, आणि उकळी न येऊ देता नुसतं मंद गरम ठेवलं तर विषारीपणा उलट वाढतो. डबल बीन्स ज्या जातीचे, तिच्या रानटी वाणांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. वालाच्या जून बियांतही ती थोडीफार असतात. तेव्हा नाव कळल्याशिवाय चूल नाही. काकू "बरं बाई" म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाव कळायला फूल हवं होतं आणि फूल येत नव्हतं. पाऊस संपत आला, मांडवाखाली भर दुपारी सावली पडायला लागली, पानांना पानं लागली, पण कळीचा पत्ता नाही. मला वाटलं खताने माजला. मग आठवण झाली ती गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांची. बिलॉक्सी नावाचं सोयाबीन त्यांनी वसंतापासून पुढे थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं होतं. आधी पेरलेलं आधी फुलेल, हा आपला सरळ हिशोब. पण ते सगळं सप्टेंबरात, जवळजवळ एकदमच फुललं. झाडं आपलं वय बघत नव्हती, दिवसाची लांबी बघत होती. दोघांनी हे १९२० साली छापलं. वालाचेही पुष्कळसे जुने वाण असेच, दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलाचं नाव न काढणारे. आणि नंतरच्या प्रयोगांतून असं निघालं की झाड मोजतं ती खरं तर सलग काळोखाची लांबी. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी हिशोब चुकतो. हे वाचल्यावर मी मागच्या दारावरचा रात्रभर जळणारा बल्ब बंद केला. त्याने काही फरक पडला का, देव जाणे. आई मात्र तीनदा काळोखात पायरी चुकली आणि वालाच्या नावाने बोटं मोडली.

हवेत पहिला गारवा आला त्या आठवड्यात फुलं आली. पानांच्या वर ताठ उभे तुरे, जांभळ्या फुलांचे. एक फूल तोडून मी पांढऱ्या बशीत ठेवलं आणि सुई घेऊन बसले.

शाळेत याला 'पतंगरूप' फूल म्हणतात. पाच पाकळ्या, पण पाचही एकसारख्या नाहीत. सगळ्यात मोठी मागे उभी, पताकेसारखी. तिच्या पुढे दोन बाजूंना दोन पंख. आणि पंखांच्या मधे खालच्या दोन पाकळ्या कडेने जुळून झालेली होडी, जिच्या पोटात पुंकेसर आणि कोवळी शेंग झाकलेली असते. ओळखीची किल्ली या होडीत असते. राजम्याच्या फुलात ती शंखासारखी पीळ घेऊन गुंडाळलेली असते. माझ्या बशीतली होडी पीळदार नव्हती, ती काटकोनात वर वळलेली होती, नळाच्या कोपऱ्यासारखी. सुईने उकलली. आत नऊ पुंकेसर तळाशी एकत्र जुळलेले आणि दहावा सुटा, एकटा. मधोमध चपटी परागवाहिनी, टोकाजवळ आतल्या बाजूने दाढीसारखी लव. सगळी खूण अन् खूण जुळत होती. वाल.

त्या दिवशी मी जे केलं ते आठवून आजही कानकोंडं व्हायला होतं. आईला सांगितलं, काकूंना सांगितलं, आतेबहिणीला पानाचा, फुलाचा फोटो पाठवून तिच्या घेवड्याची चूक दाखवून दिली. आणि एका पत्र्याच्या पट्टीवर रंगाने 'वाल – लॅबलॅब परप्युरियस' असं लिहून ती पट्टी मांडवाच्या मधल्या खांबाला तारेने बांधली.

पट्टी बांधल्यावर मी वेलाकडे बघायचं सोडलं. म्हणजे रोज बघत होते, पाणी घालत होते, पण आता मला तिथे फक्त वाल दिसत होता. मांडवाच्या पलीकडच्या अंगाला पानांच्या खाली लोंबते घोस होते, गडद जांभळ्या, जवळजवळ वांगी रंगाच्या, मोठ्या फुलांचे; सुकले की काळे पडत. वालाचे तुरे वर उभे राहतात आणि हे खाली लोंबत होते. मी म्हटलं, सावलीतली फुलं आहेत, वजनाने वाकली असतील. त्यांची पताका आखूड होती आणि होडी तिच्या जवळजवळ दुप्पट लांब. म्हटलं, पताका गळून पडत असेल. एकदाही एक फूल तोडून बशीत घातलं नाही. बशीचं काम झालं होतं ना.

शेंगा आल्या. वरच्या तुऱ्यांना चपट्या, विळ्यासारख्या वाकलेल्या, टोकाला चोच असलेल्या. वालाच्याच. आणि मग एका सकाळी पलीकडच्या बाजूला, पानांआड, मला आणखी काही शेंगा दिसल्या. बोटाएवढ्या जाड, दोन्ही टोकांना वळलेल्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या, आणि अंगभर सोनेरी-तपकिरी मखमल. कोवळं ऊन तिच्यावर पडलं होतं. इतकी सुंदर शेंग मी आजवर पाहिली नव्हती. मी हात पुढे केला आणि अंगठ्याने तिच्यावरून उलट दिशेने, मांजरीला कुरवाळावं तसं, फिरवलं.

पहिली दोन सेकंदं काही झालं नाही.

मग अंगठा, तळहात, मनगट. खाज म्हणावी तर खाज, आग म्हणावी तर आग, आणि मधेच असंख्य सुया. मी नळाखाली हात धरून खसाखसा चोळला. ते करायला नको होतं. चोळल्याने केस आत गेले, पाण्याबरोबर कोपरापर्यंत पसरले, आणि तोच हात मी कपाळावरच्या केसांना लावला होता. आई धावत आली, हात धरून उजेडाकडे नेला आणि शांतपणे म्हणाली, "कुहिली आहे ही."

खाजकुहिली. संस्कृतात कपिकच्छू, वानरालाही खाजवायला लावणारी. एवढं नाव लहानपणापासून ऐकलेलं, म्हणींत, शिव्यांत, वर्गात कुणाच्या तरी बाकावर टाकल्याच्या गोष्टींत. प्रत्यक्ष वेल पाहिला नव्हता. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं.

गोळी घेतली, तिचा काही उपयोग झाला नाही. पुढे कळलं का ते. आपल्या ओळखीची पित्ताची, गांधीची खाज येते हिस्टामिनमुळे आणि त्या गोळ्या अडवतात हिस्टामिनलाच. कुहिलीच्या केसात मात्र म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं, १९५५ साली शेली आणि आर्थर यांनी वर्णन केलेलं. ते कातडीतल्या मज्जातंतूंच्या दुसऱ्याच कुलपाला चावी लावतं. ते कुलूप कोणतं हे कळायला २००८ साल आलं. माझ्या कामाला आली ती चिकटपट्टी. पार्सल बांधायची रुंद पट्टी हातावर हलकेच चिकटवायची आणि सरळ उचलायची, चोळायचं नाही. उचललेली पट्टी उजेडात धरली तर तिच्यावर दोन-दोन मिलिमीटरचे सोनेरी केस ओळीने उभे. वीसेक पट्ट्यांनंतर मी रडायची थांबले.

पण माझं डोकं थांबलं नव्हतं. वालाच्या वेलाला कुहिलीच्या शेंगा कशा येतील? संध्याकाळी पट्ट्या गुंडाळलेल्या हाताने फोन चाळत मी मागे मागे गेले, पावसाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तो फोटो निघाला. बोटभर अंतरावरचे दोन अंकुर. एकाच्या मानेवर दोन दळं, दुसऱ्याच्या नाहीत.

पाखराने काही टिपलं नव्हतं. राजमा, चवळी, वाल उगवताना बीची दळं मातीबाहेर उचलून आणतात. वाटाणा, तूर आणि कुहिली ती जमिनीतच ठेवतात, वर येतो तो नुसता कोंब. दोन्ही रोपांनी पहिल्याच दिवशी आपापली ओळख सांगून टाकली होती, आणि मी ती फोटो काढून जपूनही ठेवली होती. अॅपही बिचारं मी जे पान दाखवेन त्याबद्दल बोलत होतं. कधी याचं पान दाखवलं, कधी त्याचं. रुपेरी लव जून पानांची नव्हती. कुहिलीची सगळीच पानं खालून रुपेरी होती.

मन थोडं शांत झालं ते एका जुन्या माहितीने. लिनियसने वालाला नाव दिलं होतं डॉलिकॉस लॅबलॅब. आणि कुहिलीला? डॉलिकॉस प्रुरिएन्स. प्रुरिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये खाज आणणारं, तेवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दोन्ही वेल त्यानेही एकाच मांडवावर चढवले होते. कुहिलीला तिथून काढून म्युक्युना प्रजातीत नेलं ते द कांदोल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२५ साली, आणि वालाला त्याचं आजचं नाव मिळालं पुढच्याच वर्षी.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "जाळून टाक मेलीला." माझा हात अजून लाल होता, तरी मला तेवढा राग येत नव्हता. कंपवाताच्या रुग्णांना जे लेव्होडोपा देतात, ते या कुहिलीच्या बियांत भरपूर असतं. ते झाडातून पहिल्यांदा वेगळं केलं मार्कुस गुगेनहाइमने, १९१३ साली, बाकला नावाच्या शेंगेच्या रोपांतून. स्वतःच थोडं खाऊन पाहिलं आणि त्याला उलटी झाली. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते कुहिलीच्या बियांतून काढलं. अर्थात म्हणून कुणी परसातल्या बिया कुटून खाव्यात असं नाही, मात्रा चुकली तर उपाय महाग पडतो. आणि जाळायची तर अजिबातच नाही. ते केस धुरावर उडून कुणाच्या डोळ्यांत, छातीत जातील ते सांगता येत नाही.

मी पावसाची एक शेवटची सर येऊन गेल्यावरचा दिवस निवडला, वारा पडलेला. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, गॉगल, हातमोजे. शेंगांवर पुन्हा पाणी शिंपडलं आणि एकेक देठ कात्रीने कापून शेंगा ओल्या पोत्यात सोडल्या. एकतीस निघाल्या. मग खरं काम. त्या दोराचे दोन पदर वेगळे कसे करायचे? गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही खोडं अगदी सारखी दिसत होती. जिथे शेंग होती त्या देठाला लाल दोरा बांधला, आणि पेरं-पेरं मागे येत, प्रत्येक पेराला दोरा बांधत, खाली उतरत गेले. दोनदा चुकले, दोनदा वरून सुरुवात केली. दुपार गेली. शेवटचा लाल दोरा जमिनीपासून चार बोटांवर, आतल्या बाजूच्या खोडाला बसला. तिथे कात्री लावली.

लगेच काहीच झालं नाही. मांडव तसाच हिरवागार. आई म्हणाली, "दुसराच तर नाही ना कापलास?" मलाही रात्रभर तेच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऊन चढलं आणि मांडव उलगडायला लागला. आधी पलीकडच्या टोकाची पानं लोंबली. मग तिथून अलीकडे, एकेक पान मान टाकत, पाठीची रुपेरी बाजू वर करत, जणू कुणी आतून रेघ ओढत येत होतं. बारापर्यंत रेघ थांबली. पायरीशेजारचा एक कोपरा ताठ आणि हिरवा होता, जांभळे तुरे वर काढून. बाकी सगळं, मांडवाचे चारातले तीन हिस्से तरी, कोमेजून खाली आलं होतं.

"एवढा सगळा तोच होता?" आई म्हणाली.

मी फोन उघडून आतेबहिणीला पाठवलेला पानाचा फोटो काढला आणि समोर धरून बघितलं. मग मधल्या खांबापाशी गेले. पत्र्याची पट्टी तारेत घट्ट होती, रंगही अजून चकचकीत. तिच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होती ती रुपेरी पाठीची पानं.